बावन्नपैकी किती

"मान खाली टेकवायची नाही. अजून वीस. एकोणीस. अठरा..."

गलांडे गुरुजींचा आवाज मला गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. विट्याला मी पहिल्यांदाच आले होते. घर शोधत फिरावं लागेल असं वाटलं होतं, पण त्या आवाजाने ते कामच उरलं नाही. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाचा आवाज तो. दार उघडंच होतं. आत सतरंजीवर त्यांची नात तनुजा उताणी झोपली होती, मान वर उचलून धरलेली, चेहरा लालबुंद. तिच्या डोक्याशी गुरुजी मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या हातात शाळेच्या खेळांना वापरतात तसलं स्टॉपवॉच होतं.

मी दारातच उभी राहून हसले. खोटं कशाला सांगू, मला भारी कौतुक वाटलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मिरजेच्या एका रुग्णालयात लागले होते आणि स्वतःबद्दल माझं मत फारच चांगलं होतं. माझं काम काय, ते सांगायला थोडा वेळ लागतो. लहान मुलांना एक आजार होतो, लाखांत एखाद्यालाच. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि स्वतःच्या स्नायूंवर तुटून पडते. पापण्यांवर जांभळी लाली येते, बोटांच्या सांध्यांवर पुरळ उठतं आणि कालपर्यंत उड्या मारणारं पोर जमिनीवरून उठताना हात टेकायला लागतं. आजाराचं नाव इतकं लांबलचक की आम्ही सगळे नुसतं जेडीएम म्हणायचो.

एका डॉक्टरला जन्मभरात अशी दहा-पंधरा मुलं दिसणार. तेवढ्यावरून कुठलं औषध कधी वाढवायचं आणि कधी थांबवायचं हे कळणार कसं? म्हणून अकरा शहरांतल्या रुग्णालयांनी मिळून एक रजिस्ट्री केली होती. प्रत्येक मुलाची प्रत्येक तपासणी त्या एका ठिकाणी चढवायची. आमच्याकडची मुलं मी तपासायचे आणि नोंदी मीच चढवायचे. आमच्या डॉक्टर निलोफर मुजावर म्हणायच्या, "वृंदा, एक मूल एकटं काहीच सांगत नाही. शंभर जणांना शेजारी शेजारी बसव, मग बघ कसं बोलायला लागतात."

दर तीन महिन्यांनी ताकद मोजायची. मान किती वेळ उचलून धरता येते, पाय किती वेळ, हात न लावता उठून बसता येतं का, जमिनीवरची पेन्सिल उचलता येते का, अशा चौदा हालचाली. सगळे गुण मिळून बावन्न. मुजावर मॅडम त्याला स्कोअर म्हणायच्या. मी मार्क म्हणायला लागले, कारण मुलांना ते पटकन कळायचं आणि पालकांना त्याहून पटकन. मी तपासणीच्या खोलीत एक फळा लावला आणि त्यावर महिन्याचा पहिला नंबर लिहायला लागले. प्रत्येक पालकाला एक चिठ्ठी द्यायचे. तारीख, मार्क, खाली एका ओळीचा शेरा आणि वर चांदणीचा स्टिकर. ही सगळी माझ्या डोक्यातून निघालेली अक्कल. मुलं जीव तोडून करायची. दीड वर्षात आमच्या मुलांचे आकडे असे चढले की बाकीच्या शहरांतून विचारणा व्हायला लागली, मिरजेत असं काय करता तुम्ही? मी हवेत होते.

तनुजा पहिल्यांदा आली तेव्हा आजोबांच्या खांद्यावर होती. बावन्नपैकी नऊ. तिचे वडील कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात, वर्षातून दोनदा घरी येणार. त्यामुळे सगळी धावपळ गुरुजींची आणि तिची आई रूपाली हिची. गुरुजींनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, "मॅडम, ह्या परीक्षेचा अभ्यासक्रम काय असतो?" स्कॉलरशिपला मुलं बसवण्यात त्यांचं नाव सगळ्या तालुक्यात होतं. मी हसून चौदा हालचालींच्या कागदाची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवली. किती आस्थेचा माणूस, असं मला वाटलं.

नवावरून तनुजा एकवीसवर गेली, मग चौतीस, मग एक्केचाळीस. गेल्या खेपेला सेहेचाळीस. मॅडमनी सांगितलं होतं, पुढच्या वेळीही पंचेचाळीसच्या वर राहिली तर दर आठवड्याचं इंजेक्शन बंद करू आणि गोळीही कमी करत आणू. ती पुढची वेळ येत्या सोमवारी होती. मी गेले तो गुरुवार. शनिवारी अकराही रुग्णालयांची बैठक मिरजेत भरणार होती. तिथे तनुजाचा चढता आलेख मी स्वतः दाखवणार होते, आणि नेमकी तिच्याच संमतीपत्रावर एक सही राहिली होती. तेवढ्या सहीसाठी मी सकाळची एसटी पकडून विट्याला आले होते. तिच्यासाठी रंगीत पेनांचा एक सेटही घेतला होता.

"दोन. एक. सुटली!" गुरुजी म्हणाले आणि मी टाळ्या वाजवल्या.

"अरे! मॅडम, तुमी? या, या. रूपाली, पाणी आण. बघा, आमची सराव परीक्षा चाललीय."

तनुजाने माझ्याकडे बघितलं, पण उठली नाही. मला वाटलं, लाजतेय. आतून रूपाली आली. पाण्याचा तांब्या तिने कोनाड्यात ठेवला, तनुजाच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उचललं. वर्षाच्या बाळाला उचलतात तसं. मग तिला भिंतीशी टेकवून बसवलं आणि मानेमागे उशी लावली. उशी लावेपर्यंत तनुजाचं डोकं आईच्या खांद्यावर कलंडलेलं होतं.

माझे हात टाळीच्या जागीच राहिले.

हीच मुलगी माझ्या खोलीत जमिनीवरून आपली आपण उठली होती. अडीच महिन्यांपूर्वी. माझ्या डोळ्यांदेखत. त्याचे चारपैकी चार मार्क मी दिले होते.

"दमलीय जरा," गुरुजी म्हणाले. "सकाळधरनं तिसऱ्यांदा घेतली. सोमवार जवळ आला न्हवं?"

मी तनुजासमोर बसले. "तनू, कशी आहेस?"

"बरी आहे, ताई."

तिचा आवाज नाकातून येत होता. सर्दी झाल्यावर येतो तसा नाही. सर्दीत नाक बंद होतं, इथे सगळे शब्द नाकावाटे निसटत होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कानांनी पहिल्यांदा ऐकत होते. 

"हिला सर्दी आहे का?"

रूपालीने सासऱ्यांकडे बघितलं. गुरुजी स्टॉपवॉच पुसत होते.

"तनू, जरा पाणी पी बघू माझ्यासमोर," मी म्हणाले.

"आत्ता नको, ताई."

"एकच घोट."

रूपालीने पेला तिच्या ओठांना लावला. तनुजाने घोट घेतला, डोळे मिटले, मान पुढे ताणून गिळायचा प्रयत्न केला आणि पाणी तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर आलं. मग खोकल्याची उबळ. खोकलाही कसला, नुसता वारा. आईने सवयीने पदर पुढे केला आणि तिचं नाक-तोंड पुसलं. त्या घरात कुणालाच त्यात नवल वाटलं नाही, हे बघून मी हादरले.

"हे कधीपासून होतंय?"

"पाणीच तेवढं येतं ओ," रूपाली म्हणाली. "भात आमी मऊ करून भरवतो. त्यो जातोय हळूहळू."

"कधीपासून, रूपाली?"

"वीस-बावीस दिस झालं."

मी उठून बाहेर ओट्यावर आले आणि मुजावर मॅडमना फोन लावला.  मॅडमनी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, "तोंडावाटे काही देऊ नका. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. बसवून आण, आडवी करायची नाही. गाडी मिळेल ती पकड आणि निघ." आणि मग, "तू तिला सेहेचाळीस दिले होतेस ना गं?"

आत येऊन मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता मिरजेला जायचं. घशाचे स्नायू गेलेत. खाल्लेलं फुप्फुसात उतरलं तर पोर हातची जाईल.

गुरुजी उभे राहिले. "आज? मॅडम, आज नको. सोमवारी येतोच की आमी."

"गुरुजी, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले?"

"ऐकलं. पण आज नेली तर तिला बारासुद्धा पडायचे नाहीत. दोन दिवस निजवून ठेवली की अंगात येतं तिच्या. शुक्रवारपासून मी तिला खाली पाय ठेवू देणार नाही. सोमवारी बघा तुमी. पंचेचाळीस कुठं जात नाहीत."

मी विचारलं, "म्हणजे दर वेळी तुम्ही असंच करता?"

"परीक्षा म्हटल्यावर तयारी नको?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. त्यांनी उत्साहाने सांगायला सुरुवात केली. दोन दिवस पूर्ण विश्रांती. निघायच्या सकाळी गरम पाण्याचा शेक आणि दुखणं मारायची एक गोळी. मिरजेत गाडीपासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत उचलून न्यायचं, दारात उतरवायचं. अवघड हालचाली आधी घ्या म्हणून मला विनंती करायची. आणि दर दोन हालचालींनंतर तनूने लघवीला जायचं म्हणायचं, म्हणजे पाच मिनिटं मिळतात.

मला ते सगळं आठवलं. अवघड हालचाली मी आधी घेतल्या होत्या. दर दहा मिनिटांनी लघवीला जाणाऱ्या या पोरीची मी नर्सपाशी गंमत केली होती. हात टेकला की नाही अशी शंका आली तेव्हा तिच्याकडे बघून "दिले, दिले" म्हणाले होते. 

"आण्णा, आता पुरं झालं," रूपाली म्हणाली.

सासऱ्यांसमोर ती बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कोपऱ्यातली पिशवी ओढून ती कपडे भरायला लागली होती.

"अगं पण इंजेक्शन चालू राहील तिचं. मी शब्द दिलाय तिला. जूनपासून शाळा."

"इंजेक्शनानं दोन दिस वकती, कळतंय मला. मीच पुसती न्हवं? गोळीनं तोंड सुजलंय म्हनून पोरं टमाटं म्हनत्यात तिला, त्ये बी कळतंय. पर पोरगी जित्ती ऱ्हाऊ द्या. म्होरल्या घरची गाडी हाय का बघा जावा."

 गुरुजी चपला न घालताच बाहेर गेले.

तासगावमार्गे मिरज गाठायला दीड तास लागला. मागच्या सीटवर तनुजा माझ्या छातीला टेकून बसली होती, तिचं डोकं मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. शेजारी रूपाली. गुरुजी पुढे. तासगाव मागे पडलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"गुरुजी, मागच्या आठवड्यात मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात एकदम मस्त. पाणी नाकातून येतं, हे सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "तुमी फोनवर तीन प्रश्न विचारता, मॅडम. चालती का, जिना चढती का, केस विंचरती का. पाण्याचं काही तुमच्या कागदावर नव्हतं. मी तो कागद पाठ केलाय. त्यात गिळायचं कुठंच नाही. मला वाटलं, महत्त्वाचं असतं तर पेपरात आलं असतं."

 ते खरं होतं. चौदा हालचालींच्या त्या कागदावर गिळण्याबद्दल अक्षर नव्हतं. ते डॉक्टर वेगळं विचारतात, वेगळ्या फॉर्मवर लिहितात आणि तो फॉर्म गुरुजींनी कधी बघितलाच नव्हता. मी त्यांना एक कागद दिला होता आणि त्यांनी त्यालाच सगळा आजार समजून मन लावून शिकवलं होतं.

"नव्हतं पेपरात," ते पुन्हा म्हणाले, या खेपेला स्वतःशीच.

दारातच मॅडम उभ्या होत्या. तनुजाला थेट अतिदक्षता विभागात घेतलं. नाकातून पोटात नळी गेली, सलाईनमधून औषधाचे मोठे डोस सुरू झाले. संध्याकाळी जरा स्थिर झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "आता तिची ताकद मोज. पलंगावरच. जेवढं येईल तेवढं. काही बोलू नकोस तिच्याशी, शाबास नाही, अजून थोडं नाही, काही नाही. फक्त बघ."

मी फक्त बघितलं. बावन्नपैकी सात. पहिल्या दिवशी आली होती त्याच्याही दोन खाली.

मग मॅडमच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. झेरॉक्स मीच दिली होती, हेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती झेरॉक्स अजून कुणाकडे गेली?"

हे मी विचारलंच नव्हतं. बाहेर जाऊन गुरुजींना विचारलं. ते बाकावर ताठ बसले होते. म्हणाले, इथं तपासणीला येणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर नऊ जणांना पाठवलीय, सोबत तयारी कशी करायची त्याच्या सूचना. अडल्या-नडल्यांना मदत नको का करायला?

मी परत येऊन "नऊ" म्हणाले आणि मॅडम खुर्चीत मागे रेलल्या.

"वृंदा, तुला कळतंय का हे काय झालंय? एक मुलगी वाचेल आपली, आज सापडली म्हणून. पण हे आकडे आपल्या कपाटात नाही राहिले. दुसऱ्या गावातला डॉक्टर ते बघतो. म्हणतो, मिरजेची मुलं एवढ्याशा औषधावर एवढी सुधारली, मग आपणही डोस कमी करून बघू. तो कुठल्या मुलाचा डोस कमी करत असेल, ते तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही."

 तोवर मला वाटत होतं की मी एका मुलीच्या बाबतीत चुकले.

शनिवारच्या बैठकीत तनुजाचा आलेख मी दाखवला नाही. अकरा रुग्णालयांच्या माणसांसमोर उभी राहिले आणि आमच्याकडचे दीड वर्षाचे आकडे धरू नका, असं सांगितलं. का, तेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक वयस्कर डॉक्टर फक्त वहीतलं एक पान उलटून मागे गेले आणि तिथे त्यांनी काहीतरी खोडलं. ते काय होतं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

रविवारी रूपालीने पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे धरली. "आण्णांची हाय. तुमास्नी देऊ नगो म्हनत्यात. पर खरं काय त्ये ह्यात असंल."

होतं. गुरुजींनी दोन वर्षं रोज तनुजाची सराव परीक्षा घेतली होती आणि रोजचे मार्क सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. त्यात एका मार्काचीही लबाडी नव्हती. शिकवणारा माणूस, सराव परीक्षेत फसवणूक कशाला करेल? रजिस्ट्रीत तनुजाचे सगळे मिळून नऊ आकडे होते. या वहीत सातशेहून जास्त. मॅडमनी त्याच दुपारी बसून ते कागदावर मांडले. माझ्या सेहेचाळीसच्या आदल्या आठवड्यात घरी ती अठ्ठावीसवर होती. त्यानंतर रोज थोडी थोडी उतरत गेली होती. आधी मान, मग दंड. पाणी नाकातून यायच्या सतरा दिवस आधी मान उचलायचा वेळ निम्म्यावर आला होता. मॅडम त्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, घशाची वर्दी मानेने आधीच दिली होती. पुढे इतर मुलांतही हे असंच होतं का, ते रजिस्ट्रीतल्या दोनशे मुलांत शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली, पण सुरुवात त्या वहीतून झाली.

वहीत शेवटी एक रकाना होता. शेरा. तो लाल शाईत होता.

मान पंचवीस सेकंद. शेरा: आळस. जमिनीवरून उठणे, शून्य. शेरा: आळस. पाय उचलणे, चार सेकंद. शेरा: आळस, रडारड. मी पानं उलटत गेले. शेवटच्या दोन महिन्यांत एकही दिवस त्या शब्दावाचून नव्हता. माझं डोकं तापलं. नऊ वर्षांची पोर, तिच्या अंगातले स्नायू रोज जळतायत आणि तिचाच आजोबा रोज लाल शाईत लिहितोय, आळस. मी वही घेतली आणि तशीच वरच्या मजल्यावर गेले.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गुरुजी एकटेच होते. मी वही त्यांच्या मांडीवर उघडी टाकली.

"हे आकडे मला रजिस्ट्रीत चढवायचेत. ह्या रकान्यात काय लिहू, तुम्हीच सांगा."

त्यांनी चष्मा लावला. त्या पानावरून बोट फिरवत खालपर्यंत आले. मग पान उलटलं. मग पुढचं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज म्हणायची ती. आजोबा, दमले. मी म्हणायचो, दमायला काय झालं? सगळीच पोरं म्हणतात, दमले. मी अडतीस वर्षं ऐकत आलोय ते."

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. पहिला आळस खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, दमली होती. मग दुसरा. मग तिसरा. अक्षर तसंच वळणदार. मला वाटलं, एका पानावर थांबतील. ते थांबले नाहीत. नर्सने येऊन चहा ठेवला, तो निवला. रूपाली येऊन बघून गेली. खोडत, लिहीत ते एकेक पान मागे जात राहिले आणि शेवटी माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. मी तिथून निघून आले.

तनुजा वाचली. नळी दीड महिन्याने निघाली, वर्षभराने ती शाळेत गेली. तेही आधी इंजेक्शन दुप्पट करून. ते नंतरचं.

त्या रविवारी मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. डोक्यात एकच चाललं होतं, असा कसा हा माणूस, कळू नये त्याला? समोर रजिस्ट्री उघडीच होती. तनुजाच्या नोंदीत मलाही एक शेरा भरावा लागायचा, जो चिठ्ठीवर लिहिला तोच. मी तिच्या जुन्या नोंदी वाचायला लागले. छान. प्रगती उत्तम. पहिला नंबर! आणि दीड वर्षापूर्वीची एक, जेव्हा ती चौतीसवरून एकतीसवर घसरली होती. मधे एकदा घसरली होती हे मी विसरूनही गेले होते. तिथे मी लिहिलं होतं, प्रयत्न कमी.

मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मग शोधायच्या चौकटीत तेच दोन शब्द टाइप केले आणि आमच्या सगळ्या मुलांत शोधलं. एकोणतीस नोंदी. एकोणतीस वेळा एखाद्या मुलाची ताकद उतरली होती आणि मी, शिकलेली, पदवी घेतलेली, त्याच्या आईबापाच्या हातात चांदणी नसलेली चिठ्ठी देऊन म्हणाले होते की तुमच्या मुलाने प्रयत्न केला नाही.

गुरुजींना निदान आजाराचं शास्त्र माहीत नव्हतं.

यादीतलं पहिलं नाव भाग्यश्रीचं होतं. जतजवळच्या एका वाडीची, तेव्हा सहा वर्षांची. मी फोन लावला. तिच्या आईने उचलला.

"मी मिरजेहून वृंदा बोलतेय. भाग्यश्रीची ताकद मोजते ना, ती."

"हां, बोला की ताई. काय झालं? आमची तारीख म्होरल्या म्हयन्यात हाय."

"तारखेचं नाही. मागच्या वर्षी मी तुम्हाला एक चिठ्ठी दिली होती. त्यात लिहिलं होतं, प्रयत्न कमी. ते चुकीचं होतं. तिने प्रयत्न केला होता. तिच्या अंगात ताकदच नव्हती त्या दिवशी. मला ते कळायला हवं होतं. माझी चूक झाली, एवढंच सांगायचं होतं."

 मला वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो?"

"हाय मी," ती म्हणाली. "ताई, मला कळत हुतं ओ. घरात बी पाय उचलना झाली हुती ती. पर तुमी येवढ्या शिकल्याल्या, तुमी लिवून दिलं. म्हनून मग ष्ट्यांडावर आल्यावर मी तिला मारलं."